गणपतीतली ती स्टेप कुठून आली? भगवानदादा आणि 'अलबेला'

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करू.

आज एका डान्स फिल्मबद्दल बोलायचंय. 'एबीसीडी' नाही, 'नटरंग' पण नाही. सिनेमा आहे १९५१ चा, 'अलबेला'. थांबा, लगेच स्किप करू नका. तुम्ही हा सिनेमा पाहिला नसेल, पण त्यातला नाच तुम्ही बहुतेक नाचलेला आहात. वरळी, परळ, लालबागमध्ये वाढला असाल तर नक्कीच.

आठवा जरा. विसर्जनाची मिरवणूक, पुढे बेंजो वाजतोय, आणि गर्दीत एक पन्नाशीचे काका. हात कोपरात दुमडलेले, एक वर जातोय, एक खाली येतोय. पावलं एवढी छोटी की चपलेतून पाय बाहेर येत नाही. मान किंचित डुलतेय, चेहऱ्यावर मंद हसू. घाम नाही, घाई नाही. हे काका दोन तास असे नाचू शकतात. आपण 'झिंगाट'वर दहा मिनिटं उड्या मारतो आणि मग बाटली शोधत फिरतो!

तर हा जो काकांचा नाच आहे ना, तो भगवानदादांचा.

भगवान आबाजी पालव. जन्म १९१३, अमरावतीचा, पण माणूस पक्का गिरणगावातला. वडील कापड गिरणीत कामाला. स्वतः भगवाननीही मजुरी केली आणि मग मूकपटांच्या काळात सिनेमात घुसले. पुढे कितीतरी वर्षं कमी पैशातले मारधाडीचे स्टंटपट केले. आज आपण ज्याला 'मास' पिक्चर म्हणतो ना, तेच. गिरणीतून सुटलेला कामगार शिट्ट्या मारायला जायचा ते पिक्चर. १९४७ साली त्यांनी चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला. आणि राज कपूरनी सांगितलं म्हणे, की एखादा सामाजिक सिनेमा कर. त्यातून आला 'अलबेला'. निर्माता भगवान, दिग्दर्शक भगवान, हिरो पण भगवान.

आता हा हिरो दिसायला कसा? ठेंगणा, जाडसर, गोल चेहऱ्याचा. आणि समोर गीता बाली! कास्टिंगवाल्यांनी आज दारातूनच परत पाठवला असता. गोष्ट साधी आहे. प्यारेलाल नावाचा गरीब घरातला मुलगा, त्याला रंगभूमीवर स्टार व्हायचंय. घरी बहिणीचं लग्न, पैशांची ओढाताण, भांडण, आणि हा घर सोडतो. गोष्टीसाठी हा सिनेमा बघू नका, मी स्पष्टच सांगतो. मधला रडारडीचा भाग मी पळवत पाहिला. पण गाणी सुरू झाली की फोन खाली ठेवा.

संगीत सी. रामचंद्रांचं. म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, पुणतांब्याचे. लताबाईंबरोबर स्वतः चितळकर याच नावाने गायले. आणि त्यांच्या सोबत होता गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, जो तेव्हा मुंबईच्या हॉटेलांमध्ये जॅझ वाजवायचा. याच सिनेमात एका गाण्यात तो आपला बँड घेऊन पडद्यावरही दिसतो. म्हणजे मिश्रण बघा. गिरणगावचा पालव, नगर जिल्ह्यातला चितळकर, गोव्याचा जॅझवाला, आणि ठेका बोंगोचा. १९५१ मध्ये! आज आपण याला फ्यूजन म्हणून तिकीट लावू.

'शोला जो भडके' लावा आणि फक्त भगवानदादांकडे बघा. मी कोडिंगवाला माणूस आहे, त्यामुळे मी प्ले-पॉज करत बघितलं. ते करतायत काय नेमकं? जवळजवळ काहीच नाही! गिरकी नाही, उडी नाही. खांदे, कोपरं आणि गुडघ्यांची जराशी लवचीक. पण एकही ठोका चुकत नाही. ठेका दोन मात्रांचा असो की चार, शरीर बरोबर त्याच्यावर बसलेलं. गीता बाली शेजारी दुप्पट हालचाल करतेय आणि तरी नजर दोघांवर सारखीच राहते. तिच्या चेहऱ्यावर जी मजा आहे ना, त्याचं श्रेय लोक तिला फार कमी देतात. नुसती हिरोची स्टेप बघत बसू नका.

आता माझा मुद्दा. ही स्टेप टिकली कारण तिला जागा लागत नाही आणि शिकवणी लागत नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. दोन्ही हात पसरले की एक मांडणीला, दुसरा कपाटाला. मिरवणुकीत तर तेवढीही जागा नसते. अशा ठिकाणी कोपर दुमडूनच नाचता येतं. चार वर्षांचं पोर नाचू शकतं, गुडघे दुखणाऱ्या आजी नाचू शकतात, आणि चुकायची सोयच नाही. अमिताभ बच्चनच्या नाचावर भगवानदादांची छाप आहे हे वर्षानुवर्षं बोललं जातंय. असेलही. पण मला मिरवणुकीतले काका जास्त महत्त्वाचे वाटतात. अमिताभला कोरिओग्राफर होता हो.

हे आत्ता का बोलतोय? माझा मामेभाऊ आहे, दहा वर्षांचा. डान्स क्लासला जातो, हिपहॉप वगैरे, छान करतो. गेल्या वर्षी विसर्जनाला तो कडेला उभा. म्हटलं, चल की. तर म्हणतो, "दादा, याच्यावर मला स्टेप्स येत नाहीत." मला काय बोलावं कळेना. ज्या नाचात स्टेप येणं-न येणं हा प्रश्नच नव्हता, तिथे हा पोरगा परीक्षेला बसल्यासारखा उभा! त्याचा दोष नाही. समोर तीन मोबाईल शूट करत होते. पुढच्या रांगेत एकसारखे टी-शर्ट घातलेला बसवलेला ग्रुप होता. त्यांचं चांगलं झालं, व्ह्यूज पण आले असतील. पण मागची रांग नाचायची थांबली आणि बघायला लागली. मला खरी भीती या मागच्या रांगेची वाटते.

आणि बीडीडीचं तर तुम्हाला माहितीच आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांची घरं. खूप चांगलं झालं, लोकांनी शंभर वर्षं त्या खोल्यांत काढली. घरात आता हात पसरून नाचता येईल. फक्त खाली मिरवणूक आली की चाळीसाव्या मजल्यावरून लोक उतरतात का, ते बघायचंय.

भगवानदादांचं पुढे काय झालं? 'अलबेला'नंतर जुहूला बंगला, आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या, असं सांगतात. मग 'झमेला', 'लाबेला' असे सिनेमे काढले, नावातच कॉपी-पेस्ट दिसतंय. 'अलबेला'सारखं एकही चाललं नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि ते दादरच्या चाळीत राहायला आले. छोटी छोटी कामं करत राहिले. कधी कधी तर गर्दीत नाचणारा एक माणूस, बस. २००२ च्या फेब्रुवारीत तिथेच गेले. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या घराखाली थांबायच्या, 'अलबेला'ची गाणी वाजायची आणि दादा नाचायचे, असं दादरची जुनी माणसं सांगतात. आज एखादी स्टेप व्हायरल झाली की खाली क्रेडिट टाकतात, टॅग करतात. या माणसाची स्टेप सत्तर वर्षं फुकट वापरली जातेय आणि नाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना नाव माहीत नाही.

२०१६ मध्ये त्यांच्यावर मराठी सिनेमा आला, 'एक अलबेला'. मंगेश देसाई भगवानदादा आणि विद्या बालन गीता बाली. मंगेशनी ती डुलती मान अचूक पकडलीय. पण टायमिंग बघा, 'सैराट' एप्रिलमध्ये आला आणि हा जूनमध्ये. सगळा महाराष्ट्र झिंगाट झालेला, याच्याकडे कोण बघणार! खरं तर 'झिंगाट' याच घराण्यातलं. तिथेही कुणी शिकलेलं नाचत नाही, सगळे नुसते नाचतात.

तर गृहपाठ. यूट्यूबवर आधी 'भोली सूरत' बघा, मग 'शोला जो भडके'. आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये असे नाचणारे कुणी काका, आजोबा, मावशी असतील तर त्यांना विचारा, ही स्टेप कुणाची बघून शिकलात. उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा, चांगल्या नोट्स पुढच्या भागात वाजवतो. मामेभावाला मी रविवारी 'अलबेला' दाखवणार आहे. रडारडीचा भाग पळवून.

चला, भेटू.