संशोधकाची उमेदवारी

पदवी हातीं पडली म्हणजे विद्यार्थ्यास वाटतें कीं, वाचन पुष्कळ झालें, आतां स्वतःचें मत मांडावयाचें. वस्तुतः संशोधनाची उमेदवारी येथूनच सुरू होते, आणि तिची पहिली अट अगदीं उलट असते. आपलें मत बाजूस ठेवून पुरावा काय सांगतो तें ऐकावयास शिकणें, ही ती अट. ही शिस्त अंगीं कशी बाणते, हें डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या चरित्रावरून श्रोत्यांस चांगलें कळेल.

केंब्रिज येथें त्यांनीं गणिताचा अभ्यास केला. पुढें बर्लिन येथें प्रोफेसर ल्यूडर्स यांच्या हाताखालीं शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहून त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. चारचौघांत बोलावयास हा विषय रुक्ष खरा. परंतु उमेदवारास असाच आटोपशीर विषय हितावह. लहान वावरांतलें प्रत्येक ढेंकूळ फोडतां येतें, आणि त्यांतच हाताला वळण लागतें.

त्या वळणाची कसोटी पुण्यास लागली. १९२५ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत चाललेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें मुख्य संपादकत्व त्यांजकडे आलें. एकट्या आदिपर्वासाठीं सुमारें ६० पोथ्या ताडून पाहावयाच्या होत्या. कोणी काश्मीरच्या शारदा लिपींतील, कोणी मल्याळम् लिपींतील. मनास रुचेल तो पाठ उचलणें सोपें होतें. सुकथनकरांनीं मनास नियमांचा लगाम घातला. उत्तरेकडील व दक्षिणेकडील पोथ्या, एकमेकींवरून उतरलेल्या नसतांही, जेथें एकच पाठ देतात तेथें तो मूळचा समजावा. एकाच जागीं कठीण व सोपा असे दोन पाठ आढळल्यास कठीण पाठ जुना असण्याचा संभव अधिक. कारण नक्कल करणारा अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द सहसा अवघड करीत नाहीं.

या नियमांची किंमतही द्यावी लागली. व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहावें, ही कथा घरोघर प्रिय. परंतु पोथ्यांची साक्ष तिच्या बाजूनें पडेना, म्हणून ती मूळ पाठांतून परिशिष्टांत गेली. मात्र ती टाकून दिली नाहीं. तेथें ती छापली, आणि पाठभेदही पानोपानीं तळाशीं दिले. संपादकाचा निर्णय पटला नाहीं तर वाचकानें तीच साधनें घेऊन तो खोडून काढावा, अशी ही सोय होय.

आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें. त्यानंतर नेपाळांतील एक फार जुनी पोथी उपलब्ध झाली, आणि सुकथनकरांनीं प्रक्षिप्त ठरविलेले पुष्कळ भाग तींत नाहींत असें दिसून आलें. १९४३ सालीं ते निवर्तले. तरी काम थांबलें नाहीं. त्यांच्या मागून आलेल्या संपादकांनीं तें १९६६ सालीं तडीस नेलें. बुद्धि वारशानें देतां येत नाहीं, पद्धति देतां येते.

घरांतील मुलगा किंवा मुलगी प्रबंध लिहीत असेल, तर वडील मंडळी बहुधा "किती पानें झालीं?" असें विचारतात. त्याऐवजीं "तुझें म्हणणें चूक ठरावयाचें तर काय सांपडावें लागेल?" असें विचारावें. या प्रश्नास ज्याला उत्तर देतां आलें, त्याची उमेदवारी मार्गीं लागली असें समजावयास हरकत नाहीं.