सांगण्याचे धैर्य आणि ऐकण्याची तयारी

(किशोरवयीन मुलींसाठी शाळांतून घेतल्या जाणाऱ्या कार्यशाळांविषयी सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लिखित आशय)

संस्थेच्या वाटचालीस ५० वर्षे पूर्ण झाली की जुन्या वह्या उघडल्या जातात. किती देणग्या आल्या, किती शिष्यवृत्त्या दिल्या, कोणती वास्तू कधी उभी राहिली, याचा हिशेब मांडला जातो. तो मांडलाच पाहिजे. परंतु समाजातील मुलींच्या मनात या काळात किती धीर जमा झाला, याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. आजचा विषय त्या न लिहिलेल्या खात्याविषयीचा आहे.

प्रारंभी एक नेहमीचे उदाहरण घ्यावे. आठवीतील एक मुलगी संध्याकाळी शिकवणीहून घरी परतते. दोन मुले आठवडाभर सायकलवरून तिच्या मागे येतात, काहीबाही बोलतात. मुलगी हुशार आहे, वर्गात पहिल्या पाचांत आहे, पर्युषणातील वक्तृत्व स्पर्धेत तिने बक्षीसही मिळविले आहे. तरीही घरी ती एक शब्द बोलत नाही. रस्ता बदलते, पोटात दुखते असे सांगून शिकवणी बुडविते. तिला त्या मुलांची भीती वाटते, हे खरेच. परंतु त्याहून मोठी भीती तिला घरातील एका वाक्याची असते : "उद्यापासून शिकवणी बंद!"

अपराध दुसऱ्याचा आणि शिक्षा मुलीला, हा अनुभव मुलींच्या पिढ्यांनी घेतला आहे. आई-वडिलांच्या मनात दुष्टपणा नसतो, काळजीच असते. पण त्या काळजीचा परिणाम असा होतो, की मुलगी पुढच्या वेळी काही सांगत नाही. आत्मविश्वास म्हणजे व्यासपीठावर न अडखळता बोलणे एवढेच नव्हे. मनाला खुपलेली गोष्ट योग्य माणसाजवळ, योग्य वेळी सांगता येणे, हा आत्मविश्वासाचा खरा कस आहे. शाळांतील कार्यशाळांचे मोल याच कसोटीवर ठरवावे लागेल.

परंपरेची शिदोरी

मुलींना सक्षम करण्याचा विचार जैन समाजाला परका नाही. भगवान ऋषभदेवांनी आपल्या कन्या ब्राह्मी आणि सुंदरी यांना स्वतः लिपी आणि गणित शिकविले, ही कथा घराघरांत सांगितली जाते. त्या कथेतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पित्याने कन्यांना जवळ बसवून घेतले, त्यांच्यासाठी वेळ काढला.

विसाव्या शतकाच्या आरंभी दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी तेच केले. त्यांची कन्या मगनबाई यांना तरुण वयातच वैधव्य आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना घराच्या कोपऱ्यात न बसविता शेठजींनी त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. पुढे मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला आणि त्यातून कितीतरी निराधार भगिनी शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. सोलापुरात पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थानगराच्या रूपाने मुलींच्या शिक्षणाचा मोठा वृक्ष वाढविला. त्या पिढीपुढे प्रश्न होता तो मुलीला अक्षर मिळवून देण्याचा. आजच्या पिढीपुढील प्रश्न थोडा निराळा आहे. अक्षर मिळाले, पदवीही मिळू लागली. पण स्वतःचे मत मांडण्याचे, नको त्या गोष्टीला नाही म्हणण्याचे आणि चुकल्यास सावरण्याचे बळ मिळाले काय?

वय समजून घेणे

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय मानते. या काळात शरीर झपाट्याने बदलते. मासिक पाळी सुरू होते, उंची वाढते, चेहऱ्यावर मुरमे येतात आणि आरशासमोरचा वेळही वाढतो. मेंदूतील भावनांशी संबंधित भाग या वयात लवकर जागा होतो. विवेकाने थांबविणारा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणून मुलगी एका क्षणी समंजसपणे बोलते आणि दुसऱ्या क्षणी दार आपटून निघून जाते. याला उद्धटपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते योग्य नाही.

या वयाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे आकडे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षे पूर्ण होण्याआधीच झाल्याचे दिसून आले. शिक्षणात पुढारलेल्या म्हणविणाऱ्या राज्यात पाचांपैकी एकीहून अधिक! यातील कितीतरी मुलींच्या वतीने कोणीतरी दुसऱ्यानेच निर्णय घेतला असेल.

कार्यशाळेत काय घडते ?

शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये पुण्यात स्थापन केलेली भारतीय जैन संघटना सर्वांना परिचित आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाचा भार या संघटनेने उचलला. याच संघटनेचा 'स्मार्ट गर्ल' हा उपक्रम शाळा-महाविद्यालयांतील मुलींसाठी आहे आणि तो केवळ जैन मुलींपुरता मर्यादित नाही. दोन दिवसांच्या या कार्यशाळेत स्वतःची ओळख, संवाद आणि नातेसंबंध, मासिक पाळी व स्वच्छता, आत्मसन्मान आणि स्वसंरक्षण, निवड व निर्णय, मैत्री व मोह असे विषय क्रमाने घेतले जातात. शेवटी मुली आणि पालक यांना समोरासमोर बसविले जाते.

या क्रमात शहाणपण आहे. स्वसंरक्षणाआधी आत्मसन्मान येतो. कारण स्वतःला जपण्याजोगे मानल्याशिवाय कोणी स्वतःचे रक्षण करीत नाही. मैत्रीआधी स्वतःची ओळख येते. कारण स्वतःची आवडनिवड ठाऊक नसलेली मुलगी दुसऱ्याच्या आवडीलाच आपली समजू लागते.

अशा कार्यशाळेची पद्धती वर्गातील तासाहून भिन्न असावी लागते. बाके बाजूला सारून मुलींना वर्तुळात बसवावे, म्हणजे मागचा बाक आणि पुढचा बाक हा भेद उरत नाही. उपदेश थोडा आणि कृती अधिक असावी. नाव न लिहिता प्रश्न टाकण्यासाठी एक पेटी ठेवावी. तोंडाने न निघणारे प्रश्न चिठ्ठीवर निघतात.

ठामपणे बोलण्याचा सराव हे या पद्धतीचे उत्तम उदाहरण होय. एक मुलगी मैत्रिणीची भूमिका घेते आणि म्हणते, "तुझ्या मोबाइलचा पासवर्ड दे, नाहीतर आपली मैत्री संपली." उत्तर तीन प्रकारे देता येते. पहिली दबून पासवर्ड देते आणि रात्रभर तळमळते. दुसरी चिडून चार शब्द सुनावते आणि मैत्री तोडते. तिसरी शांतपणे म्हणते, "तुझी मैत्री मला हवी आहे, पण पासवर्ड मी कोणालाच देत नाही." या उत्तरात समोरच्याचा अपमान नाही आणि स्वतःची माघारही नाही. हे वाक्य पहिल्यांदा उच्चारताना मुलींचा आवाज कापतो. चार-पाच वेळा म्हटल्यावर तो स्थिर होतो. धैर्य हीदेखील सरावाने येणारी गोष्ट आहे, हे मुलींना त्या क्षणी कळते.

निकोप नाते कसे ओळखावे ?

मुलींना मैत्री करू नका, असे सांगणाऱ्या कार्यशाळेचा उपयोग नाही. नाती हवीतच; ती पारखण्याची दृष्टी द्यावयाची आहे. त्यासाठी काही साध्या खुणा सांगता येतात. ज्या नात्यात 'नाही' ऐकून घेतले जाते, ते नाते निकोप. जेथे अभ्यास, इतर मैत्रिणी आणि घरची माणसे यांच्यासाठी जागा राहते, ते निकोप. याउलट "हे कोणाला सांगू नकोस", "माझ्यावर प्रेम असेल तर छायाचित्र पाठव", "तिच्याशी बोलायचे नाही" अशी वाक्ये जेथे वारंवार येतात, तेथे प्रेमाच्या नावाखाली ताबा घेतला जात असतो. या खुणा मैत्रिणीला लागू पडतात, मित्राला लागू पडतात आणि ओळखीच्या वडीलधाऱ्या माणसालाही लागू पडतात. त्रास देणारी व्यक्ती पुष्कळदा परकी नसते, हे कटू सत्य मुलींपासून लपवून त्यांचे हित होत नाही.

कायदाही मुलीच्या बाजूने उभा आहे, याची तिला जाणीव हवी. १८ वर्षांखालील प्रत्येक बालकाला २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे संरक्षण आहे आणि तक्रार करणाऱ्या बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास त्यात मनाई आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ आणि ऑनलाइन फसवणूक वा छळासाठी १९३० हे मदतीचे क्रमांक आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये शाळांतून 'सखी सावित्री' समित्या स्थापन करण्याचा निर्णय घेतला. आपल्या शाळेत ती समिती आहे काय आणि तिच्या सदस्यांची नावे मुलींना ठाऊक आहेत काय, हे पालकांनी विचारावयास हवे.

खरी परीक्षा घरी

कापडाचा रंग पक्का की कच्चा, हे दुकानातील झगझगीत दिव्याखाली कळत नाही; ते पहिल्या धुण्यात कळते. कार्यशाळेचेही तसेच आहे. दोन दिवस टाळ्या वाजतात, गटागटाने छायाचित्रे निघतात, प्रमाणपत्र मिळते. मुलगी उत्साहाने घरी जाते आणि जेवताना म्हणते, "बाबा, मला तुमचे म्हणणे पटत नाही." त्या वेळी ताटावरून वर पाहत वडील काय उत्तर देतात, यावर त्या दोन दिवसांचे भवितव्य अवलंबून असते. "फार शिंगे फुटली आहेत" असे उत्तर आले, तर रंग तेथेच उतरला. "का पटत नाही ते सांग" असे उत्तर आले, तर तो पक्का झाला.

म्हणून पालकांचे सत्र हा कार्यशाळेचा समारोप नसून गाभा आहे. दुर्दैवाने या सत्राला माता येतात आणि पित्यांना दुकानातून वेळ होत नाही. सणासुदीच्या गर्दीतही अनोळखी गिऱ्हाइकासमोर वीस-वीस ठाण उलगडणाऱ्या, त्याची नापसंती हसतमुखाने ऐकणाऱ्या व्यापाऱ्याला स्वतःच्या मुलीची नापसंती ऐकण्यास पाच मिनिटे मिळत नाहीत, हे मान्य करणे जड जाते; पण ते मान्य केले पाहिजे.

त्या सत्रातून प्रत्येक पालकाने एकच वचन देऊन उठावे : "तू काहीही सांगितलेस, तरी तुझी शाळा बंद होणार नाही." वचन लहान आहे, पण त्याने मुलीचे तोंड मोकळे होते. मग सायकलवरील त्या दोन मुलांची गोष्ट पहिल्याच संध्याकाळी घरात समजते, वडील शिकवणीच्या सरांशी बोलतात, चार दिवस भाऊ सोबतीला जातो, गरज पडल्यास पोलिसांत तक्रार होते आणि शिकवणी चालू राहते. मुलीचा विश्वास ठेवल्याचा पश्चात्ताप तिला होत नाही.

वचन पाळताना चुका होतील. रागाच्या भरात शब्द जाईल. अशा वेळी क्षमापनेचा संस्कार उपयोगी पडावा. वर्षातून एकदा लहानथोर सर्वांची क्षमा मागणाऱ्या समाजातील पित्याने "काल माझे चुकले" असे मुलीला म्हटले, तर त्याचा मान कमी होत नाही. आदराचे नाते कसे असते, हे मुलगी तेथेच शिकते आणि पुढे आयुष्यात त्याहून कमी दर्जाचे नाते स्वीकारीत नाही.

पुढील पाऊल

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने काही गोष्टी मनावर घेतल्यास त्या सहज शक्य आहेत. परिसरातील शाळांत दरवर्षी सातवी ते दहावीच्या मुलींसाठी दोन दिवसांची कार्यशाळा व्हावी. एका गटात ३०-४० हून अधिक मुली नसाव्यात. मार्गदर्शक प्रशिक्षित भगिनी असाव्यात. पालक सत्र रविवारी, दुकानांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवावे आणि त्यास पित्याची उपस्थिती आवश्यक मानावी. महिन्याभराने त्याच मुलींना पुन्हा एकत्र बसवून काय टिकले, काय विसरले, हे पाहावे. आणि मुलांसाठीही असाच वर्ग असावा. मुलीला 'नाही' म्हणण्यास शिकविले आणि मुलाला ते 'नाही' ऐकण्यास शिकविले नाही, तर काम अर्धेच राहील.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. एक सभागृह, थोडी पूर्वतयारी आणि वडीलधाऱ्यांचा वेळ लागतो. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महाग आहे आणि तेच खरे दान ठरेल.

मागील रांगेतील कन्यांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते, की मनात काही सलत असेल तर ते आज घरी गेल्यावर सांगा. आणि पुढील रांगांतील ज्येष्ठांना नम्र विनंती, की त्या बोलू लागल्या तर आज रात्री दूरचित्रवाणी बंद ठेवा, मोबाइल बाजूला ठेवा आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.