‘क्ष’ची दुसरी भेट

(हीरकमहोत्सवी समारंभात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेले भाषण)



शाळेच्या समारंभात गणिताचा विषय निघाला की सभागृहात दोन प्रकारचे चेहरे दिसू लागतात. काहींना जुना मित्र भेटल्याचा आनंद होतो. काहींची नजर आपोआप खाली वळते. संसार आणि व्यवसाय उत्तम सांभाळणारी, पन्नाशी उलटलेली व्यक्तीही ‘गणित काही मला कधी जमले नाही’ असे हसत हसत सांगून जाते. त्या हसण्यामागे चौदाव्या-पंधराव्या वर्षी लागलेला एक निकाल असतो आणि तो तिने जन्मभरासाठी मान्य केलेला असतो. आजचे विवेचन या निकालाविषयी आहे. त्यासाठी थोडे दूर, अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजच्या बीजगणिताच्या वर्गात जावे लागेल. कारण मोठ्या वयात हा निकाल पुन्हा तपासून पाहण्याची सोय तेथे फार मोठ्या प्रमाणावर आहे आणि ती सोय कोठे फसते, हेही तेथेच स्पष्ट दिसते.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे त्या त्या परिसरातील लोकांसाठी, मुख्यतः सार्वजनिक निधीतून चालणारे दोन वर्षांचे महाविद्यालय. या प्रकारचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या शालेय शिक्षणाची धुरा वाहणारे जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ती कल्पना. पहिल्या तुकडीत अवघे सहा विद्यार्थी होते आणि त्यांचा वर्ग माध्यमिक शाळेच्याच इमारतीत भरत असे. पुढे १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर पसरावे, अशी शिफारस केली. आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे.

या महाविद्यालयांचा दरवाजा सर्वांना खुला असतो. जुने गुण किंवा वय सहसा आड येत नाही आणि शुल्कही विद्यापीठांच्या मानाने बरेच कमी असते. दिवसभर काम करून संध्याकाळी येणारे, मुले मोठी झाल्यावर पुन्हा वही उघडणाऱ्या माता, सैन्यातून परतलेले, नुकतेच परदेशातून येऊन स्थिरावू पाहणारे असे सारे एका बाकावर बसतात. दोन वर्षे पूर्ण केली की पुष्कळांना विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. परंतु त्या वाटेवर गणिताचा एक तरी महाविद्यालयीन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि वर्षानुवर्षे बहुतेकांच्या वाट्याला येत गेला तो ‘कॉलेज अल्जिब्रा’.

हा अभ्यासक्रम साधारणपणे तीन श्रेयांकांचा, पंधरा-सोळा आठवड्यांचा असतो. आठवड्याला तीन तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट वेळ घरचा अभ्यास अपेक्षित असतो. समीकरणे व असमानता, फलने आणि त्यांचे आलेख, बहुपदी, घातांकी व लॉगॅरिदमी फलने, एकसामयिक समीकरणे असा त्याचा आवाका. आपल्याकडील नववी ते अकरावीच्या पाठ्यपुस्तकांत यांतील बराच भाग सापडेल. मग त्यात कठीण ते काय, असा प्रश्न एखाद्याला पडेल.

कल्पना करावी, की एक चाळिशीची स्त्री परिचारिका होण्यासाठी पुन्हा शिकू लागली आहे. शाळा सोडून तिला बावीस वर्षे झाली आहेत. फळ्यावर प्रश्न येतो : दरसाल ८ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवलेली रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल? समीकरण मांडले तर १.०८चा ‘क्ष’वा घात बरोबर २. लॉगॅरिदम घेतले की उत्तर सुमारे ९ वर्षे येते. या प्रश्नाचे मोल तिला पंधरा वर्षांच्या मुलापेक्षा अधिक कळते, कारण कर्जाचे हप्ते तिने स्वतः फेडलेले आहेत. तिचे अडते ते भलतीकडेच. उणे तीन आणि त्यापुढे कंसात क्ष वजा चार. कंस सोडवताना ती उणे तीन क्ष ‘वजा’ बारा लिहिते. हवे असते ‘अधिक’ बारा. पुढची प्रत्येक पायरी बिनचूक असूनही उत्तर चुकते. चूक आहे ती लहानपणी निसटलेल्या एका चिन्हाची. पण तिच्या मनात उमटते ते जुनेच वाक्य : आपल्याला गणित जमत नाही.

आता व्यवस्थेकडे वळू. दरवाजा खुला असला, तरी आत पाऊल टाकताच अनेक ठिकाणी एक स्तरनिश्चितीची परीक्षा होत असे. काही प्रश्न, संगणकाचा पडदा, उजळणीला वेळ नाही. तीत कमी गुण पडले, की विद्यार्थ्याला पूर्वतयारीच्या वर्गांत बसवले जाई : आधी अंकगणित, मग बीजगणिताची तोंडओळख, मग प्राथमिक बीजगणित, मग माध्यमिक. हेतू चांगलाच होता. पण या वर्गांचे शुल्क भरावे लागे, सत्रामागून सत्र जाई आणि पदवीच्या हिशेबात त्यांचे श्रेयांक धरले जात नसत.

या जिन्याचे गणित करून पाहण्यासारखे आहे. समजा, चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर शंभरांतले सत्तर जण उत्तीर्ण होऊन पुढे जातात. सत्तर टक्के काही वाईट नाहीत. तरीही शंभरांचे पहिल्या पायरीनंतर ७०, दुसऱ्यानंतर ४९, तिसऱ्यानंतर ३४ आणि चौथ्यानंतर २४ उरतात. पाऊणशेहून अधिक जण ‘कॉलेज अल्जिब्रा’च्या उंबरठ्यावर पोहोचण्यापूर्वीच गळतात. कोणत्याही एका शिक्षकाकडे बोट दाखवता येत नाही. दोष गुणाकाराचा असतो. आणि गळालेला प्रत्येक जण हा दोष स्वतःच्या बुद्धीच्या खात्यावर जमा करून घरी जातो.

हे ध्यानात आल्यावर काही ठिकाणी वेगळी वाट चोखाळली गेली. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत २०१३ साली एक प्रयोग झाला. प्राथमिक बीजगणिताची गरज आहे असे ठरलेल्या सुमारे नऊशे विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे तीन गट केले गेले. एका गटाला नेहमीचा पूर्वतयारीचा वर्ग मिळाला. दुसऱ्याला तोच वर्ग आणि आठवड्याला जादा मार्गदर्शनाचा तास. तिसऱ्याला थेट महाविद्यालयीन संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम आणि तसाच जादा तास. उत्तीर्णांचे प्रमाण अनुक्रमे ३९, ४५ आणि ५६ टक्के आले. ‘कच्चे’ ठरवलेले विद्यार्थी वरच्या अभ्यासक्रमात अधिक संख्येने तरले. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदाच केला : विद्यार्थ्याचा स्तर ठरवताना शाळेतील कामगिरी विचारात घ्यावी आणि सबळ कारणाशिवाय त्याला पूर्वतयारीच्या वर्गात अडकवू नये. आता अनेक महाविद्यालयांत मूळ वर्गाला जोडूनच आधाराचा तास असतो. उणे चिन्ह अडले, की त्याच आठवड्यात ते सोडवून दिले जाते.

या बदलावरही आक्षेप आहेत आणि ते ऐकून घेण्यासारखे आहेत. ज्याचा पाया खरोखरच खचलेला आहे, दशकानुदशके ज्याचा गणिताशी संबंध नाही, त्याला सावकाश शिकण्याची जागाच उरणार नाही, अशी चिंता अनेक प्राध्यापक व्यक्त करतात. ज्याला पुढे अभियांत्रिकीकडे जायचे आहे, त्याला संख्याशास्त्र घेऊन बीजगणित टाळताही येणार नाही. तेव्हा नुसता दरवाजा उघडून भागत नाही. उंबरठ्याशी हात देणारा कोणीतरी लागतो.

असा हात देणाऱ्या एका शिक्षकाची वाट कम्युनिटी कॉलेजातूनच गेली होती. हायमे एस्कालांते हे बोलिव्हियात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत. १९६०च्या दशकात ते अमेरिकेत आले, तेव्हा त्यांची जुनी पात्रता तेथे चालेना आणि इंग्रजीही येईना. उपाहारगृहात पडेल ते काम करत त्यांनी पॅसाडेना सिटी कॉलेजात पुन्हा विद्यार्थी म्हणून नाव घातले. पुढे ते लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कुलात शिक्षक झाले. १९८२ साली त्यांचे १८ विद्यार्थी कलनशास्त्राच्या प्रगत परीक्षेत उत्तीर्ण झाले. गरीब वस्तीतील मुलांचे हे यश पाहून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने त्यांपैकी १४ जणांवर शंका घेतली. १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि ते बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले. एखाद्याविषयी निकाल आधीच देऊन ठेवला, की त्याचे यशसुद्धा आरोपासारखे दिसू लागते, हे त्या मुलांनी फार कोवळ्या वयात अनुभवले.

परिसराने गणिताला आश्रय द्यावा, ही कल्पना मराठी मुलखालाही परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. ‘बीजगणित’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, असे तो सांगतो. शिलालेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे आणि मठाला मिळालेल्या उत्पन्नाच्या नेमणुकींची, बाजारपेठेतल्या व्यवहारांतून द्यावयाच्या वाट्याची नोंद त्यात आहे. गणिताच्या शाळेसाठी पेठेने आपला वाटा उचलावा, हे आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरले गेले. महाराष्ट्राबाहेर वर्गणी जमवून मराठी शाळा उभारणाऱ्या पिढ्यांनी तीच रीत पुढे चालवली.

पालकहो, साठ वर्षांत एखाद्या शाळेतून हजारो उत्तरपत्रिका तपासून जातात. त्यांतल्या कित्येकांवर लाल शाईने लिहिलेला ‘गणितात कच्चा’ हा शेरा घरी पोहोचतो आणि तेथे तो स्वभावाचे वर्णन होऊन बसतो. शेरा त्या दिवसाच्या त्या उत्तरपत्रिकेचा असतो, एवढे घरात कोणीतरी म्हणायला हवे. मूल अडले, तर नेमके कोणत्या पायरीवर अडले, हे त्याच्याशेजारी बसून पाहावे. बहुधा तेथे एखादे उणे चिन्हच सापडेल. ‘आमच्याही घरात कोणाला गणित येत नव्हते’ हे सांत्वन मात्र कृपा करून देऊ नये.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी ज्यांनी ‘क्ष’चा निरोप दहावीतच घेतला, त्यांनी मुलांचे किंवा नातवंडांचे पुस्तक एखाद्या संध्याकाळी उघडून पाहावे. सोडवलेले उदाहरण हाताने झाकावे आणि पहिली पायरी स्वतः लिहावी. तेथे कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात कितीतरी चाळिशी-पन्नाशीची माणसे नेमके हेच करत असतात. चुकले तर खोडून पुन्हा लिहावे. या वयात कोणी गुण देणार नाही, हीच त्यातली मोठी मोकळीक आहे.