इंजिनियरसाहेबांची आठवण



१९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडली आणि मुंबई-ठाण्याचे आम्ही बेने इस्राएल एकेक करून न्यूयॉर्कला आलो. इथे आपली मशीद नव्हती. कारखान्यातून सुटल्यावर आमचे इंजिनियरसाहेब घरोघर फोन करून मिनियानला दहा पुरुष जमवीत. मालिद्याचे पोहे स्वतः भिजवीत. नारळ मात्र आम्हा बायकांनीच खोवायचा! पुण्यात १८७४ साली छापलेल्या हाग्गादाची झेरॉक्स काढून त्यातले मराठी मुलांना समजावीत.

शेवटच्या दुखण्यात आम्ही नर्सबायका पाळीपाळीने त्यांच्याजवळ बसत होतो. ‘शाब्बाथला किती जण आले?’ एवढेच ते विचारीत.

त्यांच्या कद्दीशला नऊच पुरुष जमले. तासभर थांबलो. अखेर शेजारच्या सिनेगॉगमधला एक अनोळखी तरुण धावत आला. त्याला मराठी येत नव्हते. ‘आमेन’ मात्र त्याने आमच्याबरोबरच म्हटले.