घरभर एकच पांढरा रंग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण दिवाळीआधी आम्ही घराला रंग दिला त्याची हकीकत सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या दोन खोल्या. पुढची निळी, मागची गडद हिरवी. खिडकी पुढे एकच. मागे भरदिवसा दिव्यावाचून तांदूळ निवडता येत नसत. सासूबाईंना मोतीबिंदू. त्यांच्या हातून खडे राहून जात, जेवताना कोणाच्या तरी दाताखाली येत, आणि त्या ओशाळत. शेवटी त्यांनी सूप हातात घेणेच सोडले. माझ्या मनाला ते फार लागले.

म्हणून ठरवले, घरभर पांढरा रंग द्यायचा, छतालासुद्धा. पांढरी भिंत उजेड परतवते, गडद भिंत तो गिळते. आमच्या भिंतींना ओल येते, तेव्हा चुन्याची सफेदीच बरी. ऑइलपेंटखाली ओल कोंडते व पोपडे सुटतात. जुना डिस्टेंपर मात्र आधी खरवडून धुवावा, नाही तर चुना धरत नाही.

कळीचा चुना पाण्यात पडताच उकळतो. मुलांना दूर ठेवा; डोळ्यांत उडाला तर डोळा जायचा. रात्रभर भिजवून गाळावा, त्यात थोडा डिंक व चिमूटभर नीळ घालावी. पातळ दोन-तीन हात द्यावेत. ओला असताना रंग फिका दिसतो, घाबरू नये. वाळला की पांढराशुभ्र होतो.

दारांचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, ओला करून घासा. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ मुलांना फार घातक. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपली दारे बहुधा त्याआधीची.

आता माझी चूक सांगते. हौसेने मी दारे-चौकटीही पांढऱ्या केल्या. तिसऱ्याच दिवशी सासूबाई उघड्या दाराच्या कडेवर आपटल्या. कपाळाला हे एवढे टेंगूळ! भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होते, हे त्यांना दिसेना. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी चौकट, दाराची कड आणि उंबरठा तपकिरी रंगवला. बटनांच्या पाटीभोवतीही पट्टी ओढली.

रंगाने मोतीबिंदू जात नाही, त्याला शस्त्रक्रियाच हवी. तिची तारीख आम्ही घेतली आहे. पण मधले दार उघडले की आता मागच्या भिंतीपर्यंत उजेड पोचतो. परवा सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, सूप आण." निवडता निवडता त्यांनी एक खडा चिमटीत धरून मला दाखवला.

भगिनींनो, घर जरूर पांढरे करा. पण घरात म्हातारे माणूस असेल तर कड तेवढी गडद ठेवा. एवढे सांगून मी आपली रजा घेते.