चाड्यावरची मूठ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पेरणीयंत्रातून बी नेमके कसे पडते आणि ते आणखी चांगले कसे पडावे, या विषयावर आज मी बोलणार आहे. कवितेच्या माणसाला हा विषय कुणी दिला, असे तुम्हाला वाटेल. मी साधा बी.ए. झालेला माणूस, इंजिनिअर नाही. पण माझी आई गावात चाड्यावर मूठ धरायची. त्या मुठीच्या जागी यंत्र आले तेव्हा आमच्या घरात काय घडले, ते मी पाहिले आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

शहरातल्या श्रोत्यांसाठी आधी तिफण सांगतो. एक आडवे जाड लाकूड, त्याला दिंड म्हणतात. त्यात तीन फण बसवलेले. प्रत्येक फणामागे एक पोकळ नळी, बहुधा वेळूची. तिन्ही नळ्या वर येऊन एका लाकडी वाटीला मिळतात. ही वाटी म्हणजे चाडे. बैल पुढे चालतात, फण तास पाडतात, आणि मागून चालणारे माणूस ओटीतले बी मुठीमुठीने चाड्यात सोडत जाते. चाड्याच्या तळाला तीन भोके असतात. तिन्ही भोकांत सारखे बी गेले पाहिजे, आणि बैलांच्या प्रत्येक पावलागणिक सारखे गेले पाहिजे. हे सगळे सांभाळायचे एका मुठीने.

आमच्या मराठवाड्यात हे काम पुष्कळदा बाईकडे असायचे. माझ्या आईला गाव चाची म्हणायचे. मृग लागला, दोन-चार पाऊस होऊन वाफसा आला, की पहाटेच दारात कुणीतरी उभे राहायचे, "चाची, आज आमच्याकडं मूठ धरायला चला." मजुरी मिळायचीच, वर पायलीभर ज्वारी मिळायची, आणि मान मिळायचा. पेरणीच्या दिवसात आमच्या घरातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती ती असायची. वडीलसुद्धा तिला विचारून बोलायचे.

मी लहानपणी तिच्यामागे चालायचो. ज्वारीला तिची मूठ वेगळी, करडईला वेगळी. अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून दाणे सुटत राहायचे, बाकीची बोटे ओटीतून आलेले बी मागून पुढे सारायची. बैल जलद झाले की फट रुंद व्हायची, बैल थबकले की मूठ बंद. एकदा मी हट्टाने मूठ धरली. माझे तास उगवले ते कुठे झुबक्याने, कुठे हातभर मोकळे. ती हसली आणि म्हणाली, "मुठ्ठी दबाव नको बेटा, दाने को रस्ता दे." आम्ही घरात दखनी बोलायचो आणि बांधावर मराठी. पेरणीचे तिचे सगळे शिक्षण त्या एका वाक्यात आले.

आता यंत्राकडे वळू. पेरणीयंत्राचा सारा प्रश्न याच मुठीचा आहे. पेटीत बी भरलेले आहे, खाली जमीन सरकते आहे. पेटीतून जमिनीत बी किती आणि कसे सोडायचे?

इंग्लंडमध्ये जेथ्रो टल नावाच्या गृहस्थाने १७०१ साली घोड्याने ओढायचे पेरणीयंत्र बनवले. टल शिकला होता वकिली. तरुणपणी त्याला संगीताचा नाद होता आणि ऑर्गन हे वाद्य आतून कसे चालते हे त्याने नीट पाहिले होते. बी सोडायच्या रचनेसाठी त्याला आठवली ती ऑर्गनमधली खाच, जीभ आणि स्प्रिंग. खाचा पाडलेला एक रूळ चाकाबरोबर फिरतो, खाचेत मावेल तेवढेच बी घेतो आणि खाली सोडतो. पेरणीयंत्राला मूठ मिळाली ती वाद्यातून, हे वाचले तेव्हा या विषयावर कवीनेही बोलायला हरकत नाही असा धीर मला आला.

याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन हॅलकॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतातल्या शेतकऱ्यांचे पेरणीचे अवजार पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून विलायतेला पाठवले. ओळीत पेरणारे अवजार हा युरोपातला अलीकडचा शोध आहे, अशी त्याची तोवर समजूत होती. इथले साधे शेतकरी ते बापजाद्यांपासून वापरत होते. फरक एवढाच की आपल्याकडे बी सोडायचे काम माणसाच्या हाताकडे राहिले आणि तिकडे ते रुळाकडे गेले.

तो खाचांचा रूळ आजही आपल्या ट्रॅक्टरमागच्या बहुतेक पेरणीयंत्रांत आहे. गहू, ज्वारी अशा धान्यांना तो चांगला चालतो. रूळ आडवा सरकवला की बियांसमोर त्याची कमी-जास्त लांबी येते आणि बियांचे प्रमाण बदलते. रचना सोपी, मजबूत आणि स्वस्त आहे. पण त्यात दोन दोष आहेत. एक, सरळ खाच रिकामी होताना बी झुबक्याने पडते, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा झुबका. खाचा सरळ न ठेवता पीळदार ठेवल्या तर ही धार बरीच सलग होते. दुसरा दोष जास्त घातक आहे. टपोरे आणि नाजूक बी रूळ आणि त्याच्या घराच्या कडेत सापडले की फुटते.

हा दुसरा दोष आम्ही पुस्तकात वाचला नाही, शेतात भोगला. २००६ च्या खरिपातली गोष्ट. तिफण माळ्यावर गेली होती. थोरल्या भावाने पाच एकर सोयाबीन भाड्याच्या पेरणीयंत्राने पेरले. बियाणे उधारीवर आणलेले. दिवसभराचे काम दोन तासांत उरकले म्हणून भाऊ खूश होता. आई बांधावर बसून पाहत होती. त्या वर्षी तिला कुणी बोलवायला आले नव्हते.

आठव्या दिवशी शेत पाहिले तेव्हा भाऊ खाली बसला. दोन तासांत रोपे दाटीने, एकावर एक. बाकीच्या तासांत कुठे वीतभर, कुठे हातभर नांगे. भाऊ दुकानदाराशी भांडला. दुकानदार म्हणाला, बियाणे चोख आहे, यंत्राला विचारा. यंत्रवाला म्हणाला, पाऊस कमी झाला. घरात सगळे एकमेकांवर चिडलेले. आई काही न बोलता यंत्रवाल्याच्या दारात गेली आणि पेटीच्या तळात हात घातला. हाताला लागली ती सोयाबीनची डाळ. सालपटे आणि अर्धे दाणे. तिने ती मूठ भावासमोर उघडली. सोयाबीनचे साल फार पातळ असते, अंकुर अगदी सालीजवळ असतो. पोते आपटले तरी उगवण घटते, तिथे लोखंडाच्या कडेत काय टिकणार?

दुबार पेरणी करावी लागली. वहिनीच्या पाटल्या गहाण पडल्या. उशिरा पेरलेल्या पिकाने खर्चसुद्धा भरून दिला नाही.

पुढच्या वर्षी भावाने जुने पेरणीयंत्र स्वतः विकत घेतले आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याच्या मदतीने त्यातले रूळ काढून तिरक्या चकत्या बसवल्या. आता बऱ्याच टोकण यंत्रांत ही चकती असते. बियांच्या पेटीत एक चकती तिरकी बसवलेली असते. तिच्या कडेला बियांच्या आकाराच्या खाचा. चकती फिरताना खालच्या ढिगातून प्रत्येक खाच एकेक दाणा उचलून वर नेते. जास्तीचे दाणे आपल्याच वजनाने घसरून मागे पडतात. वर पोचलेला दाणा नळीत सुटतो. दाणा कशातही चिरडला जात नाही. पीक बदलले की चकती बदलायची. हरभऱ्याची वेगळी, सोयाबीनची वेगळी. आईची बोटे नेमके हेच करायची.

मग अंगणात परीक्षा झाली. ती कृती सांगतो, कारण ती कुणालाही करता येते. यंत्र टेकूवर उचलायचे, चाक मोकळे करायचे. प्रत्येक नळीखाली एक पिशवी बांधायची. चाक हाताने वीस वेळा फिरवायचे आणि पिशव्या वजन करायच्या. हिशेब असा. चाकाचा व्यास ५० सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात यंत्र १५७ सेंटिमीटर पुढे जाते, वीस फेऱ्यांत ३१ मीटरच्या थोडे वर. पाच फण ४५ सेंटिमीटरवर असतील तर रुंदी सव्वादोन मीटर. म्हणजे साधारण ७० चौरस मीटर जमीन. हेक्टरी ७५ किलो बियाणे धरले तर तेवढ्या जमिनीला ५३० ग्रॅम बी पडायला हवे, एका नळीतून सुमारे १०६ ग्रॅम.

भाऊ चाक फिरवत होता, मी कागदावर मांडत होतो. तराजू यायला उशीर होता. आईने पाचही पिशव्या एकेक करून तळहातावर घेतल्या आणि तिसरी बाजूला ठेवली. "ही उपाशी आहे." तराजूवर ती खरोखरच तिसऱ्या हिश्श्याने हलकी भरली. चकतीच्या दोन-तीन खाचांत मातीचा गोळा अडकला होता. शेतात हे कळायला आठ दिवस लागले असते, आणि तोवर वेळ निघून गेली असती. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी आईच्या बोलण्यात पेरणीच्या दिवसातला जुना ठसका मी ऐकला.

बियांचे प्रमाण एवढे महत्त्वाचे का, हेही पाहू. सोयाबीनचे अंतर ४५ बाय ५ सेंटिमीटर धरले तर हेक्टरी सुमारे ४ लाख ४४ हजार रोपे हवीत. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम असेल तर ७५ किलोत सव्वासहा लाख दाणे येतात. त्यातले ७० टक्के उगवले तर रोपे जवळपास तेवढीच होतात. म्हणजे यंत्राने बी फोडायला किंवा झुबक्याने सांडायला या हिशेबात जागाच नाही. उलट यंत्राने दाणा नेमका ठेवला आणि बियाण्याची उगवण चांगली असली, तर बियाणे वाचते. रुंद वरंबा सरी पद्धतीच्या टोकण यंत्राने कमी बियाण्यात पेरणी होते ती याच कारणाने.

याच्या पुढेही यंत्र गेले आहे. हवेच्या ओढीवर चालणाऱ्या यंत्रात उभ्या चकतीला बारीक भोके असतात. ट्रॅक्टरवर फिरणारा पंखा हवा ओढतो, प्रत्येक भोकाला एक दाणा चिकटतो, आणि जिथे ओढ संपते तिथे तो तासात पडतो. काही यंत्रांत प्रत्येक चकतीला स्वतंत्र मोटर असते आणि नळी तुंबली तर चालकासमोर दिवा लागतो. ही यंत्रे महाग आहेत, लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर. पण काही सुधारणांना पैसा लागत नाही. ट्रॅक्टर जोरात पळवला तर खाचा भरायच्या आतच चकती पुढे जाते, म्हणून वेग आवरायचा. नळी लांब आणि वाकडी असेल तर वर नेमका सुटलेला दाणाही आपटत, उसळत भलतीकडे पडतो, म्हणून नळी सरळ आणि होईल तेवढी आखूड ठेवायची. चाक शेतात घसरते, तेव्हा बी कमी पडते, म्हणून अंगणातली परीक्षा एकदा रानातही करायची.

सगळा दोष यंत्राच्या माथी मारू नये, हेही खरे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पावसात पीक भिजले होते, त्याचा फटका बियाण्याला बसला होता. म्हणून पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि किती उगवतात ते मोजावे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, आणि ते तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये.

आज आई नाही. यंत्राने तिचे काम नेले, त्याबरोबर पायलीभर ज्वारी नेली, मानही नेला. हे दुःख खोटे नव्हते. वेळ आणि श्रम वाचले हेही खोटे नाही. पण गावोगावी अजून अशा बाया आहेत, ज्यांच्या तळहाताला बियाचे वजन कळते. पेरणीयंत्र बनवणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी आणि भाड्याने देणाऱ्यांनी पेरणीच्या आदल्या दिवशी त्यांच्यापैकी एकीला अंगणात बोलवावे. पिशव्या तिच्या हातात द्याव्यात आणि तिच्या कामाचे पैसेही द्यावेत. कुठली नळी उपाशी आहे, ते ती सांगेल.

आमची तिफण अजून माळ्यावर आहे. चाडे घासून घासून गुळगुळीत झालेले आहे. दरवर्षी पेरणीआधी भाऊ ते खाली काढतो, पुसतो, त्यात मूठभर बी ठेवतो, आणि मगच ट्रॅक्टर सुरू करतो.