सह्याद्रीतील आमरींची ओळख : हरितलवकाची साक्ष

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



श्रावण-भाद्रपदात कासच्या पठारावर गेलेल्या माणसाला वेगळे काही सांगावे लागत नाही. कातळावरच्या वीतभर मातीत गवताबरोबर पांढऱ्या फुलांचे तुरे उभे राहतात. दात घासण्याच्या ब्रशासारखी दिसणारी ती हबेनारिया, म्हणजे आपली जमिनीवरची आमरी. तिच्याच कुळातील सीतेची वेणी वैशाख-ज्येष्ठात जुन्या आंब्याच्या फांदीवरून खाली झुलते. महाराष्ट्रात आमरींच्या शंभराहून अधिक जाती आढळतात. त्यांपैकी एकीला पाचगणीचे नाव मिळाले आहे. फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी मुंबई इलाख्यातील आमरींचा जो अभ्यास केला, त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना त्याचा आधार आजही घ्यावा लागतो.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, आमरी ओळखायची ती फुलावरून आणि फूल टिकते वर्षातून थोडेच दिवस. एरवी जमिनीखाली कंद असतो, नाहीतर झाडावर चार जाड पाने आणि मुळांचा गुंता. नेमक्या याच अवस्थेत ती उपटली जाते आणि विकली जाते. अमरकंद या नावाने बाजारात येणारे कंद यूलोफिया या आमरीचे असतात. रास्ना म्हणून कोठे वांदा आमरीची मुळे देतात, तर कोठे अगदी निराळ्याच कुळातील वनस्पती देतात. जीवंतीची कथाही तशीच. रोगी फसतो, प्रामाणिक वैद्य फसतो आणि रानातील झाड मात्र कायमचे जाते. आमरींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराने नियंत्रित केला आहे. परंतु नाक्यावर पकडलेल्या पोत्यातील वाळका कंद कोणत्या जातीचा, हे वनरक्षकाने सांगावे कसे?

येथे हरितलवक साक्षीला येते. पानाला हिरवेपणा देणाऱ्या या सूक्ष्म घटकात स्वतःचा एक जनुकसंच असतो. चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली ती वर्तुळाकार पोथीच म्हणा. आमरींमध्ये तिची लांबी साधारणपणे दीड लाख अक्षरांच्या आसपास असते. अशी संपूर्ण पोथी प्रथम वाचली गेली ती १९८६ मध्ये जपानात, तंबाखू आणि लिव्हरवर्ट या वनस्पतींची. आमरीची पाळी २००६ साली आली. तैवानातील शास्त्रज्ञांनी फॅलेनॉप्सिसच्या एका जातीची सुमारे १ लाख ४९ हजार अक्षरे प्रसिद्ध केली.

मी कला शाखेचा पदवीधर आहे. मला ही पद्धत समजली ती संत एकनाथांमुळे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या आणि पाठ शुद्ध केला. नकला होत असताना ज्या चुका शिरतात, त्यांवरून कोणती प्रत कोणत्या प्रतीची वंशज हे कळते. शास्त्रज्ञ जवळच्या जातींच्या हरितलवकाच्या पोथ्या शेजारी-शेजारी मांडतात आणि पाठभेद शोधतात. प्रकाशसंश्लेषणाची जनुके सहसा फारशी बदलत नाहीत. दोन जनुकांमधील मोकळ्या जागांत आणि एकच अक्षर पुन्हा पुन्हा येते अशा ठिकाणी भेद लवकर साचतात. ते भेद हीच खूण. २००९ साली आरबीसीएल आणि मॅटके ही दोन जनुके वनस्पतींच्या ओळखीसाठी सुचविण्यात आली. पण अगदी जवळच्या आमरींत ती अनेकदा अपुरी पडतात. म्हणून संपूर्ण पोथी ताडून अधिक बोलक्या जागा निवडाव्या लागतात. एकदा जागा निश्चित झाली की वाळक्या कंदाच्या तुकड्यातूनही तेवढाच भाग वाचता येतो.

या पोथ्या आमरीचे चरित्रही सांगतात. अनेक आमरींच्या हरितलवकातील एनडीएच गटाची जनुके मोडली आहेत किंवा नाहीशी झाली आहेत. ऑस्ट्रेलियात जमिनीखालीच फुलणारी एक आमरी हिरवेपणाशिवाय, बुरशीच्या आधारे जगते. तिची पोथी सुमारे ५९ हजार अक्षरांवर आली आहे. ज्याचा उपयोग संपला, ते निसर्गाने खोडून टाकले.

सपुष्प वनस्पतींत हरितलवक बहुधा मातृवंशातून येते. त्यामुळे कास आणि चांदोली येथील एकाच जातीच्या रोपांचे मातृवंश किती आणि कोणते, हे या खुणांवरून पडताळता येते. हे व्यवहारात महत्त्वाचे आहे. आमरीच्या एका बोंडातून प्रयोगशाळेत हजारो रोपे करता येतात. मात्र ती सारी एकाच आईची. तीच सर्वत्र लावली, तर डोंगर हिरवा दिसेल, पण आतून वंश एकसुरी होईल. मात्र पित्याकडून आलेला संकर या साक्षीत दिसत नाही. त्यासाठी पेशीकेंद्रातील जनुकेही तपासावी लागतात.

कास, कोयना आणि चांदोली ही स्थळे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहेत. प्रयोगशाळेची खूण कितीही अचूक असली, तरी तिच्याशी ताडून पाहण्यास खात्रीचा नमुना हवा. तो कोठला, कोणत्या महिन्यातला, कोणत्या झाडावरचा, ही नोंद गावातूनच येणार. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोकजैवविविधता नोंदवही आपल्या हाती दिली आहे. तिच्यात आमरींचे पान कोरे राहू देऊ नका. फूल दिसले तर छायाचित्र घ्या, जागा लिहा आणि रोप जागच्या जागी राहू द्या. रस्त्याकडेचा जुना आंबा तोडण्याचा ठराव समोर आला, तर आधी त्याच्या फांद्यांकडे वर पाहा.

तिचे नाव ठरविण्याचे काम शास्त्रज्ञ करतील. नाव ठरेपर्यंत ती जिवंत ठेवण्याचे काम आपले आहे.